घरोघरच्या गोष्टी : काचेला गेलेली चीर



कोकणातून आलेल्या आपल्या लोकांना मासा ठाऊक आहे तो टोपलीतला. पर व खवले पाहून घ्यावा, साफ करावा आणि नारळाच्या रसात सोडावा, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. परंतु अमेरिकेत क्युपर्टिनो येथे आमच्या मुलीच्या घरी दोन सोनेरी मासे दिवाणखान्यातील काचेच्या पेटीत नांदतात. "आजोबा, हे आपल्याला चालतात का?" असे नातवाने एकदा विचारले. पर आहेत, खवलेही आहेत. तेव्हा चालतात असे आम्हांस सांगावे लागले. तेव्हापासून तो आमच्यावर पाळत ठेवून आहे!

डिसेंबरातील एका शुक्रवारची गोष्ट. त्या दिवसांत तेथे सूर्य पाचच्या आत मावळतो. दुपारी तीनच्या सुमारास पेटीच्या खालच्या कोपऱ्यात चिकटविलेले एक रंगीत चित्र आमच्या दृष्टीस पडले आणि त्या चित्राखालून काचेतील एक चीर बाहेर डोकावत असलेली दिसली. चौकशी करता कळले की, मंगळवारी पेटीत दगड मांडताना तो नातवाच्या हातून निसटला होता. चीर तेव्हा जेमतेम इंचभर होती. रागावतील या भीतीने त्याने तिच्यावर चित्र लावले. शुक्रवारी ती दोन इंचांवर गेली होती.

काचेच्या दुखापती तीन प्रकारच्या असतात. पहिली ओरखड्याची. नखाला न लागणारा ओरखडा केवळ दिसण्याचा दोष होय. तो आतल्या बाजूस असेल तर पाणी भरल्यावर पुष्कळदा दिसेनासाही होतो. दुसरी टवक्याची. काठाचा बारीकसा टवका उडाला, परंतु तो सिलिकॉनच्या सांध्यापर्यंत पोहोचला नाही, तर पेटी रिकामी करून धार ओल्या पॉलिशकागदाने घासावी आणि पाणी भरून काही दिवस नजर ठेवावी. तिसरी चिरेची, आणि हिला किरकोळ मानू नये. चिरेच्या टोकाशी सारा ताण एकवटतो, म्हणून ती आपण होऊन पुढे सरकते. दोन्ही टोकांशी बाहेरून शाईची खूण करून तारीख लिहिली की सत्य लपत नाही.

आमची पेटी २४ इंच लांब, १२ इंच रुंद आणि आत पाणी १५ इंच खोल. म्हणजे सुमारे ७० लिटर पाणी व तेवढेच किलो वजन. त्यापैकी समोरच्या काचेवर जो रेटा येतो तो सुमारे ४४ किलोंचा. पाणी निम्म्यावर आणले की हा रेटा निम्मा न होता चौथाईवर, म्हणजे ११ किलोंवर येतो. म्हणून चीर दिसताच पहिले काम सिलिकॉन शोधण्याचे नव्हे, पाणी उतरविण्याचे.

शब्बाथला दोन तास उरले होते. दुरुस्ती शक्य नव्हती, परंतु मुक्या जिवांना धोक्यात ठेवून मेणबत्त्या लावणेही आम्हांस रुचेना. साबण न लागलेल्या दोन बादल्या घेतल्या, त्यांत पेटीतलेच पाणी भरले, मासे जाळीने हलविले व हवेचा पंप सोडून दिला. गाळणीतील स्पंज त्याच पाण्यात ओला ठेवला, कारण पाणी शुद्ध राखणारे उपकारक जीवाणू त्यातच राहतात. मुंबईस आपण नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवून क्लोरीन घालवीत असू. क्युपर्टिनोच्या पाण्यात क्लोरामाइन असते व ते तसे उडून जात नाही. त्यासाठी माशांच्या दुकानात मिळणारे औषध पाण्यात घालावे लागते. सूर्यास्तापूर्वी पेटी रिकामी झाली.

पुढे काय? लहान चिरेवर आतल्या बाजूने काचेचा तुकडा बसवितात, म्हणजे पाण्याचाच दाब त्यास घट्ट धरतो. जुने सिलिकॉन पात्याने पुरते खरवडावे, कारण जुन्यावर नवे नीट धरत नाही. सिलिकॉन बुरशीनाशक न मिसळलेले असावे आणि किमान दोन दिवस सुकू द्यावे. तळाची काच कडक केलेली असेल तर हा उपायही नाही. ती तडकली की तिचे तुकडेच होतात. आमची चीर सांध्यापर्यंत गेली होती. शिवाय हा मुलूख भूकंपाचा. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी जवळच्या सँटा क्रूझ डोंगरांत ६.९ तीव्रतेचा लोमा प्रिएटा भूकंप झाला. अशा ठिकाणी ठिगळाच्या काचेवर ७० लिटर पाणी सोपविणे आम्हांस शहाणपणाचे वाटले नाही. रविवारी नवी पेटी आणली, तिचे टेबल भिंतीतील लाकडी खांबाला पट्ट्यांनी बांधले आणि पाणी काठापासून दोन बोटे खाली ठेवले.

त्या शुक्रवारी रात्री किद्दुश झाल्यावर नातू आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आजोबा, मी मंगळवारीच सांगितले असते तर?" आम्ही त्यास खरे तेच सांगितले : काच कदाचित तेव्हाही बदलावीच लागली असती, पण मासे तीन दिवस संकटात राहिले नसते. मग आम्ही स्वतःलाही विचारले की, या घरात चूक सांगण्यापेक्षा लपविणे मुलाला सोपे का वाटले? त्याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते, आम्हां वडीलधाऱ्यांकडे होते. आमचा आवाज चढतो, हे आम्हांस मान्य करावे लागले.

जुनी पेटी टाकली नाही. पाण्यावाचून तिला धोका नाही. खिडकीत ठेवून तिच्यात सब्जाच्या कुंड्या मांडल्या आहेत. थंडीतही पाने हिरवी राहतात आणि शनिवारी हवदालाच्या वेळी सुवासासाठी तीच हाती येतात. चिरेवरचे चित्र मात्र नातवाने स्वतः काढून टाकले.