पोटरी भरून येते? आधी पाय दाखवा, मग चालायला लागा

पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात हा माणूस तुम्ही पाहिलाच असेल. पन्नाशी ओलांडलेली, खिशात बिडीचं बंडल नाहीतर तंबाखूची पुडी. शे-दीडशे पावलं झाली की थांबतो. ढिगातली मिरची उचलून मोडतो, वास घेतो, भाव विचारतो. घ्यायचं काहीच नसतं. पोटरीत गोळा आलेला असतो. दोन-चार मिनिटांत तो जिरला की गडी पुढं निघतो. जर्मनीत या दुखण्याला ‘दुकानाच्या काचेचा आजार’ म्हणतात. तिथले लोक काचेआडचा माल बघत उभे राहतात. सोंग सगळीकडे सारखंच.

गावकऱ्यांनो, याला वात म्हणून तेल चोळत बसू नका. चाललं की दुखतं, थांबलं की शमतं, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा दुखतं, ही पायाची रक्तवाहिनी आतून चरबीनं बुजत चालल्याची खूण असते. तंबाखू आणि रक्तातली वाढलेली साखर ही मोठी कारणं. जे पायात साचतं ते हृदयाच्या आणि मेंदूच्या वाहिन्यांतही साचत असतं, म्हणून ही घाई. जवळच्या आरोग्य केंद्रात जा, पायाची नाडी तपासून घ्या, साखर मोजा. पुढची तपासणी म्हणजे दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब ताडून पाहणं. घोट्याचा दाब दंडाच्या ०.९ पट किंवा त्याहून कमी भरला, तर आजार आहे असं धरतात. सुई नाही, कापाकापी नाही.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला की औषधं घेत चाला, आणि दुखेपर्यंत चाला. सपाट रस्ता धरा. पोटरी चांगली ठणकली की थांबा, पूर्ण शमू द्या, पुन्हा निघा. असं ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून निदान तीनदा, किमान १२ आठवडे. बुजलेली वाहिनी यानं उघडत नाही, पण मिळेल तेवढ्या रक्तात जास्त काम करायला स्नायू शिकतात. २०१७ साली कोक्रेन या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या: न दुखता चालण्याचं अंतर सरासरी ८२ मीटरनं वाढलं, एकूण अंतर १२० मीटरनं. आकडा किरकोळ वाटेल. ज्याला देवीच्या पायरीपर्यंत जायला कुणाचा तरी खांदा लागतो, त्याला विचारा.

‘शेतात राबतो की, वेगळं चालायचं कशाला?’ असं म्हणाल. मिरची तोडताना आपण वाफ्यात उभे असतो, आणि दुखायच्या आतच बांधावर टेकतो.

मात्र रात्री पाऊल ठणकून झोप मोडत असेल, पाय खाटेखाली सोडल्यावरच बरं वाटत असेल, जखम भरत नसेल, बोट काळं पडलं असेल, तर चालण्याचा व्यायाम करू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाय एकाएकी गार, पांढरा, बधिर पडला तर थेट १०८ लावा. पाय वाचवायला तेव्हा काही तासच हाती असतात. आणि गरम विटेचा शेक अजिबात नको. साखरवाल्याच्या पायाला भाजलेलंही कळत नाही.

तंबाखू सुटत नसेल तर १८०० ११ २३५६ हा मोफत क्रमांक आहे. बायांनो, मिश्रीही त्यातच आली.

पोरांनो, उद्या वडिलांसोबत बाजारात जाल तेव्हा पावलं मोजा. कितव्या पावलाला ते मिरची मोडायला थांबतात, तो आकडा डॉक्टरांना सांगा.