महिने नको, लिटर मोजा

फिश टँकच्या दुकानात रेझिनची पिशवी हातात घेतली की प्रत्येकजण विचारतो, "किती दिवस टिकेल?" आणि उत्तर मिळतं, "सहा महिने बघायला नको." मी अहिल्यानगरमधल्या सावेडीतल्या घरी अडीच फुटी टँक मांडला तेव्हा मीही हेच विचारलं, हेच ऐकलं, कॅलेंडरवर सहा महिन्यांनंतरच्या तारखेला गोल केला आणि निवांत झालो. तीन आठवड्यांत काचेवर, पाण्याच्या कडेला, पुन्हा पांढरा थर धरला.

माझे मामा साखर कारखान्यात बॉयलरच्या पाण्याच्या विभागात होते. आपल्या जिल्ह्यात सहकारी साखर कारखाना १९५० साली प्रवरानगरला सुरू झाला, तेव्हापासून बॉयलर आणि जड पाणी यांचं भांडण इथल्या कित्येक घरांना माहीत आहे. बॉयलरच्या नळ्यांत क्षार बसू नयेत म्हणून कारखान्यात पाणी आधी रेझिनमधून काढतात. मामांनी माझ्या फिल्टरमधली पिशवी तळहातावर घेतली, दाबून पाहिली आणि म्हणाले, "अरे, महिने कसले मोजतोस? रेझिनला कॅलेंडर कळत नाही. पाणी किती लिटर गेलं आणि त्यात क्षार किती होते, ते सांग."

घरात मासे पाळणाऱ्या सगळ्यांना माझं हेच सांगणं आहे. रेझिनचं आयुष्य महिन्यांत मोजू नका, पाण्यात मोजा.

रेझिन म्हणजे खसखशीएवढे प्लॅस्टिकचे मणी. कृत्रिम रेझिन १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये अ‍ॅडम्स आणि होम्स या दोघांनी पहिल्यांदा तयार केलं. पाणी मऊ करणाऱ्या रेझिनचं काम एस.टी.च्या गाडीसारखं चालतं. मण्यात ठरावीक जागा असतात आणि त्यांवर आधी सोडियम बसलेला असतो. जड पाणी आलं की सोडियम उतरतो आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम त्या जागा धरतात. जागा संपल्या की गाडी भरली. मग पाणी नुसतं मण्यांवरून वाहतं. मणी दिसायला तसेच राहतात, म्हणून आपण फसतो.

आता हिशेब करू. मिठाने भरलेलं एक लिटर रेझिन व्यवहारात साधारण ५० ग्रॅम जडपणा धरतं. टँकच्या पिशवीत असतं २०० मिली, म्हणजे १० ग्रॅम. तुमच्या बोअरच्या पाण्याचा जडपणा लिटरला ४०० मिलिग्रॅम असेल, तर २५ लिटर पाण्यात पिशवी भरली. अडीच फुटी टँकमध्ये शंभरेक लिटर पाणी बसतं, त्यात जडपणा ४० ग्रॅम. पिशवीने त्यातला पाव भाग काढला आणि तिचं काम संपलं. पुढच्या रविवारी तुम्ही २५ लिटर पाणी बदललं की तितकाच जडपणा पुन्हा आत आला. म्हणजे बोअरच्या पाण्यावर ही पिशवी फार तर आठवडाभर पुरते. नळाच्या पाण्याचा जडपणा १०० असेल, तर तीच पिशवी शंभर लिटर जाते. पिशवी एकच, घर बदललं की आयुष्य चौपट.

आपल्याकडे हा फरक घरोघर दिसतो. शहराला पाणी मुळा धरणातून येतं. धरणाचं पाणी बोअरपेक्षा बहुधा पुष्कळ मऊ असतं. नळाला पाणी नसेल त्या दिवशी आपण बोअर चालू करतो किंवा टँकर मागवतो, आणि ते पाणी काळ्या बसाल्टच्या भेगांतून क्षार घेऊन आलेलं असतं. राहुरी, श्रीरामपूर, नेवासे या कालव्याखालच्या भागात वर्षानुवर्षं उसाला पाणी दिल्याने काही विहिरी मचूळ झाल्या आहेत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची पसंतीची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. म्हणजे पिण्यायोग्य ठरलेल्या दोन पाण्यांतही तिपटीचा फरक असू शकतो. म्हणून आधी आपलं पाणी तपासा. जलजीवन मिशनमध्ये गावांना दिलेल्या फील्ड टेस्ट किटमध्ये जडपणाची चाचणी असते, ग्रामपंचायतीत विचारा. शहरात दुकानांत थेंब मोजून करायच्या चाचणीची बाटली मिळते.

मग ते 'सहा महिने' आले कुठून? रेझिन एकाच जातीचं नसतं, हे त्याचं उत्तर. टँकच्या दुकानात तीन-चार जाती शेजारी शेजारी टांगलेल्या असतात.

पाण्यातला पिवळसरपणा आणि कुजलेल्या अन्नाचे अंश शोषणारी एक जात आहे. प्युरिजेन हे त्यातलं प्रसिद्ध नाव. १०० मिली माल ४०० लिटर पाण्याला सहा महिन्यांपर्यंत पुरतो, असं तिचे उत्पादक सांगतात. त्यातला 'पर्यंत' हा शब्द दुकानाच्या काउंटरवर गळून पडतो आणि तो आकडा सगळ्याच पिशव्यांना चिकटतो. टँकमध्ये मासे जास्त असतील, खाणं जास्त पडत असेल, तर हे रेझिन दोन महिन्यांतही भरेल. त्याची खूण मात्र सोपी आहे. नवं असताना ते सायीच्या रंगाचं असतं, भरत आलं की चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी होतं.

दुसरी जात आरओच्या पुढे लावायची, उरलेसुरले क्षारही काढणारी. एक लिटर मिश्र रेझिन साधारण २५ ग्रॅम क्षार धरतं. टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले मिलिग्रॅम क्षार, ५०० असलेलं पाणी थेट सोडलं तर ५० लिटरमध्ये ते संपतं. आरओनंतरचं २० टीडीएसचं पाणी सोडलं तर हजार लिटरच्या पुढे जातं. म्हणून हे रेझिन बोअरच्या नळाला थेट कधीच जोडू नका. टीडीएसचं पेन शून्यावरून चढायला लागलं की ते बदला.

तिसरं, पाणी मऊ करणारं. इथे टीडीएसचं पेन उपयोगाचं नाही, हे नीट लक्षात ठेवा. कॅल्शियमच्या जागी सोडियम येतो, क्षार कमी होत नाहीत, फक्त त्यांची जात बदलते. पेनवर आकडा जवळपास तोच राहतो. त्यासाठी जडपणाचीच चाचणी हवी. तीही नसेल तर बाटलीत थोडं पाणी घेऊन अंगाच्या साबणाचा चिमूटभर कीस घाला आणि हलवा. फेस धरला तर रेझिन जिवंत आहे. पाणी दुधाळ होऊन फेस बसला तर ते भरलं आहे. शाळेत शिकलेलं सुफेन आणि दुष्फेन पाणी ते हेच.

चौथा माल रेझिन म्हणून विकतात, पण असतो खडा: झिओलाइट. तो अमोनिया धरतो. याच्याबाबतीत माझ्या हातून चूक झाली, ती तुमच्याकडून होऊ नये. माझ्या गोल्डफिशच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले म्हणून मी टँकमध्ये खडेमीठ टाकलं. फिल्टरमध्ये तीन महिन्यांची झिओलाइटची पिशवी तशीच होती. सकाळी पाहतो तर चारही मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. मिठातल्या सोडियमने झिओलाइटच्या जागा घेतल्या आणि तीन महिने साठवलेला अमोनिया पाण्यात उतरला. दोन मासे वाचले. मीठ टाकायच्या आधी झिओलाइट बाहेर काढा. औषध टाकतानाही शोषणारी प्रत्येक पिशवी बाहेर ठेवा, नाहीतर औषध माशाला मिळण्याआधी पिशवीतच जातं.

भरलेलं रेझिन म्हणजे मेलेलं रेझिन नव्हे. पाणी मऊ करणारी पिशवी मिठाने पुन्हा भरता येते. २०० मिली रेझिनला सुमारे ४० ग्रॅम खडेमीठ ४०० मिली स्वच्छ पाण्यात विरघळवा. ते पाणी अर्ध्या तासात हळूहळू मण्यांतून जाऊ द्या आणि नंतर खारट चव जाईपर्यंत धुवा. नीट वापरलं तर असं रेझिन वर्षानुवर्षं चालतं. तपकिरी झालेल्या प्युरिजेनला बिनवासाचं पातळ ब्लीच आणि तितकंच पाणी घालून प्लॅस्टिकच्या भांड्यात २४ तास ठेवतात. मग भरपूर धुऊन क्लोरीन मारणाऱ्या द्रावणात भिजवतात. क्लोरीनचा वास असेपर्यंत पिशवी टँकमध्ये घालू नका. ब्लीचिंग पावडर वापरू नका, तिचा चुना मण्यांत बसतो. संडासच्या अ‍ॅसिडजवळ ब्लीच नेऊ नका, विषारी वायू सुटतो. आणि हा उपाय ज्या मालाच्या पाकिटावर लिहिला आहे त्यालाच करा. इतर रेझिन ब्लीचने खराब होतात.

रेझिन अकाली मरतं ते तीन कारणांनी. गाळ बसतो, मणी वाळतात, क्लोरीन लागतो. म्हणून फिल्टरमध्ये आधी स्पंज आणि शेवटी रेझिन, हा क्रम मोडू नका. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं तेव्हा ते एक रात्र बादलीत निवळू द्या. काढलेली पिशवी उन्हात टाकू नका. वाळलेले मणी पुन्हा पाणी लागलं की तडकतात, म्हणून ती ओलीच झाकून ठेवा. गावाकडे वीज पाच-सहा तास जाते, तेव्हा बंद डब्याच्या फिल्टरमधलं पाणी कुजतं. वीज आल्यावर ते आधी ओतून द्या, पिशवी टँकच्याच पाण्यात खंगाळा आणि मग पंप चालू करा.

आणि पिशवी विकत घेण्याआधी एकदा स्वतःला विचारा, ती खरंच हवी आहे का? गप्पी, मोली, प्लॅटी, गोल्डफिश आपल्या जड पाण्यात सुखाने राहतात. डिस्कस आणि निऑन टेट्रा यांना मऊ पाणी लागतं. बोअरच्या घरात डिस्कस पाळून दर आठवड्याला रेझिनशी झगडण्यापेक्षा आपल्या पाण्याला मानवणारा मासा आणा. कोणतंही रेझिन पाणी बदलण्याची जागा घेत नाही. आठवड्याला पाव टँक पाणी बदला आणि काढलेलं पाणी तुळशीला, झाडांना घाला. आपल्यासारख्या दुष्काळी जिल्ह्यात ते मोरीत ओतायचं नसतं. फक्त मिठाचं आणि औषधाचं पाणी झाडांना नको. संपलेले मणीही मोरीत किंवा ओढ्यात टाकू नका, ते कुजत नाहीत. पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात द्या.

माझ्या टँकशेजारी आता कॅलेंडर नाही, एक छोटी वही आहे. तारीख, किती लिटर बदललं, जडपणा किती, रेझिन कधी भरलं, असे चार रकाने. या रविवारी पाणी बदलाल तेव्हा पहिली ओळ लिहा. महिन्याभरात तुमची पिशवी किती टिकते ते तुम्हाला त्या वहीतच दिसेल, आणि ते उत्तर तुमच्या घरच्या पाण्याचं असेल.