आधी विचारा

आमच्या दारात दर वर्षी एक डवरी गोसावी येतो. भगवा फेटा, खांद्याला झोळी, हातात डवर. पूर्वी तो गल्लीच्या तोंडाशी असतानाच डवर ऐकू यायचा आणि आई सुपात पीठ घेऊन ओट्यावर यायची. आता तो फाटकापासून चार पावलं लांब थांबतो. झोळीतून सगळ्यात आधी निघतं ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं आधार कार्ड. ते छातीशी धरून तो म्हणतो, “माय, मंगळवेढ्याकडचा हाय मी.” डवर त्यानंतर वाजतो, तोही हळू.

कार्ड कशासाठी, हे आईनं त्याला कधी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती.

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावचा आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथं पोचले. बहुतेक मंगळवेढा भागातले. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज आठवडाभर मोबाइलवर येतच होते. त्या पाचांतला एक जण लहान मुलीशी बोलला, एवढं निमित्त झालं. बाजारातल्या गर्दीनं त्यांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं, आणि जिथं रहिवासाचे दाखले मिळतात त्या खोलीत पाचही जणांना जिवे मारलं. काही जण मारत होते, काही जण मोबाइलवर शूटिंग करत होते. पुढे पोलिसांना आरोपी ओळखायला तीच शूटिंगं उपयोगी पडली.

त्या दिवसांत देशभर फिरत असलेली एक क्लिप तुम्हीही पाहिली असेल. दुचाकीवरून दोघं येतात, गल्लीत खेळणारं पोर उचलतात आणि पसार होतात. मूळ फिल्म कराचीतली. पालकांनी सावध राहावं म्हणून तिथल्या एका संस्थेनं केलेली. शेवटी तीच माणसं मुलाला परत आणून सोडतात आणि हातातला फलक दाखवतात. कुणीतरी नेमका तेवढा शेवट कापला. मुलांच्या काळजीपोटी केलेली गोष्ट उलटी फिरून माणसांच्या जिवावर उठली.

असं काही घडलं की आपल्याकडे दोन दिवस एकच वाक्य चालतं: “माणुसकी राहिली नाही.” मीही म्हटलं होतं. चहाच्या टपरीवर, मान हलवत. आज त्याची लाज वाटते. त्या वाक्यानं माझं काम सोपं झालं होतं. माणुसकीच संपली म्हटल्यावर मला करण्यासारखं काही उरतच नव्हतं. चहाचे पैसे दिले आणि घरी आलो.

राईनपाडा घडलं त्याच रात्री मालेगावात काय झालं, ते मला फार उशिरा कळलं. राईनपाड्याहून मालेगाव काही फार लांब नाही. मेसेज तेच, भीती तीच. परभणीकडचं एक कुटुंब, सोबत अगदी लहान मूल, तिथल्या गर्दीच्या तावडीत सापडलं. पण वस्तीतल्याच माणसांनी त्यांना एका घरात घेतलं आणि दार लावलं. बाहेर जमाव वाढत गेला, पोलिसांच्या गाडीवर हल्ला झाला, तरी ते दार उघडलं नाही. पोलिसांनी सगळ्यांना जिवंत बाहेर काढलं. ही बातमी आपल्याला पाठ का नाही, याचा मी पुष्कळदा विचार करतो. मारल्याची शूटिंगं फोनवर आली, लावलेल्या दाराचं शूटिंग कोण करणार?

म्हणून माझं सांगणं असं आहे. समाजावर विश्वास ठेवा, असं मी म्हणत नाही. आज विश्वास वाटेल, उद्या वाटणार नाही. पण मालेगावातल्या त्या घरानं जे केलं, ते आपल्या गल्लीत कोण करील, हे आजच ठरवून ठेवा. वेळ आल्यावर ठरवायला सवड मिळत नाही. गर्दी पाच मिनिटांत जमते, पोलीस ठाणं असतं पंधरा किलोमीटरवर.

ठरवायचं म्हणजे काय? गावात पोलीस पाटील असतो, त्याचा नंबर घरातल्या बायामाणसांकडेही असू द्या. दुपारी घरात त्याच असतात. 112 हा नंबर पोरांनाही माहीत हवा. एखादं मूल संशयास्पद स्थितीत दिसलं, कुणाबरोबर रडत चाललेलं दिसलं, तर 1098 आहे. मुलांसाठीची ही हेल्पलाइन 1996 साली मुंबईतच सुरू झाली. मुलांची काळजी खोटी आहे, असं मी कधी म्हणणार नाही. नात झाल्यापासून मीही शाळेच्या फाटकाशी दहा मिनिटं आधी जाऊन उभा राहतो. पण ही काळजी नंबर फिरवून घ्यायची असते, हात उगारून नव्हे. 2007 साली तंटामुक्त गाव मोहीम आली तेव्हा गावोगाव समित्या झाल्या. तुमच्या गावची समिती नुसत्या फलकावर उरली असेल, तर तिची एक बैठक लावा आणि अनोळखी माणूस आला तर काय करायचं, एवढा एकच विषय घ्या. बचत गटात घ्या. गणपती मंडळात घ्या, तिथं पोरं असतात, आणि गर्दीत पुढे पोरंच असतात.

आणि गर्दी जमलीच तर? शहाणपणाचं भाषण करू नका, कुणी ऐकत नाही. नावानं हाक मारा. “ए संतोष, इकडे ये. तुझा बाप कुठाय?” नाव घेतलं की माणूस गर्दीतून निम्मा बाहेर येतो. आमच्या गावी यात्रेत एकदा असाच राडा झाला होता. तेव्हा एका म्हाताऱ्या मास्तरांनी शाळेतल्या हजेरीसारखी एकेकाची नावं घेतली होती. सगळे त्यांचेच विद्यार्थी. सातव्या-आठव्या नावापर्यंत मागची फळी पांगायला लागली. हे सगळीकडे जमेल, असं नाही. जिथं कुणी कुणाला ओळखत नाही तिथं नाहीच जमणार. तिथं दार लावणं हाच उपाय. संशयिताला आत घ्या, दार लावा, फोन करा. तो निर्दोष आहे की नाही, हे त्या क्षणी तुम्हाला ठरवायचं नाही. ते काम तुमचं नाहीच.

भटक्यांबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. वासुदेव, पिंगळा, नंदीवाले, बहुरूपी, पोतराज, गोसावी ही माणसं वर्षातून एकदा येणार, हे आपल्या गावगाड्यात धरलेलंच होतं. मढीला कानिफनाथांच्या यात्रेत ती एकत्र यायची, मग पांगायची. पण त्याच देशात 1871 साली इंग्रजांनी कायदा करून अनेक भटक्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. सोलापूरला त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातली वसाहत होती. कायदा 1952 साली गेला. आपल्या डोक्यातला संशय मात्र तेवढ्यानं गेला नाही. त्याला मोबाइल मिळाला इतकंच. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. बरं केलं. पण पाच ठिकाणी तरी कशाला पाठवायचा?

परवाचीच गोष्ट. गोसावी येऊन गेला. आईनं पीठ दिलं. तासाभरात गल्लीच्या ग्रुपवर त्याचा फोटो. समोरच्या बिल्डिंगमधल्या कॉलेजच्या मुलानं गॅलरीतून काढलेला. खाली लिहिलेलं: “सदर इसम सकाळपासून आपल्या भागात फिरत आहे. सावध राहा.” खाली लगेच तीन अंगठे आणि एक “पोलिसांत द्या”.

माझा हात पुढे होईना, हे कबूल करतो. उगाच वाद नको, आपण काय गल्लीचे पुढारी आहोत, असं सगळं मनात आलं. मग लिहिलं, “हे आमच्याकडे पंधरा वर्षं येतात. आत्ता आईच्या हातचं पीठ घेऊन गेले. पारावर बसले असतील.” बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग मुलाचा मेसेज आला, “काका, मी फक्त विचारलं.”

“अरे मग त्यांनाच विचार की,” मी लिहिलं. “उठ, जा. चहा पाज.”

तो गेला की नाही, मी खोदून विचारलं नाही. फोटो मात्र अर्ध्या तासानं ग्रुपवरून काढलेला होता. संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पुढच्या वेळी त्याला ओट्यावर बसवून जेवायला वाढते. गॅलरीतून सगळ्यांना दिसू दे.”