कुत्रा शेठचा, रात्र वॉचमनची

शनिवारी सकाळी वडखळ नाक्यावर अर्धा तास उभं राहावं. अलिबागकडे वळणाऱ्या गाड्यांच्या मागच्या खिडकीतून एखादं भलंमोठं डोकं बाहेर आलेलं दिसतं, जीभ लोंबती, कान वाऱ्यावर. चहाच्या टपरीवर लगेच चर्चा सुरू होते. हा रॉटवायलर, तो जर्मन शेफर्ड, याचं पिल्लू इतक्याला पडतं, त्याचा महिन्याचा खुराक तितक्याचा. किंमत सगळ्यांना तोंडपाठ. हा कुत्रा मुळात कोणत्या कामासाठी तयार केला गेला, असं विचारणारा मात्र मला अजून भेटायचा आहे.

रविवारी संध्याकाळी त्याच गाड्या मुंबईकडे परततात तेव्हा त्यातल्या काहींच्या खिडक्या रिकाम्या असतात. कुत्रा फार्महाऊसवरच राहिलेला असतो. पुढचे पाच दिवस त्याला सांभाळतो तो वॉचमन. आमच्या डोलवी-पेण भागात हा वॉचमन बऱ्याचदा कातकरी किंवा ठाकूर असतो, कधी लांबून पोटासाठी आलेला, कधी आपल्याच मोहल्ल्यातला. गेटाजवळच्या एका खोलीत त्याचा संसार. त्याची मुलं आमच्यासारख्यांच्या शाळांत येतात, म्हणून मला हे जवळून दिसतं. कुत्रा निवडतो एक जण, त्याच्यासोबत राहतो दुसराच. मोठ्या कुत्र्यांविषयी आपल्याकडे जी काही भांडणं होतात त्यात हा दुसरा माणूस कुठेच नसतो. माझं म्हणणं त्याच्या बाजूनं आहे.

आधी कुत्र्याचं ऐकून घेऊ. आपण ज्याला कुत्र्याचा स्वभाव म्हणतो त्यात त्याच्या पूर्वजांच्या नोकरीचा बराच अंश असतो. जर्मन शेफर्ड, ज्याला आपल्याकडची जुनी माणसं अजून अल्सेशियन म्हणतात, तो मेंढपाळाचा कुत्रा. १८९९ च्या सुमारास जर्मनीत माक्स फॉन स्टेफानित्स या घोडदळातल्या अधिकाऱ्यानं धनगरी कुत्र्यांतून ही जात बांधायला घेतली. कळपाभोवती फेऱ्या मारायच्या, भरकटलेल्याला वळवून आणायचं, हे त्याचं काम. अंगणात पकडापकडी खेळणाऱ्या मुलांच्या मागे तो धावतो, पायाशी तोंड नेतो, तेव्हा त्याच्या लेखी तो कामावर असतो. मूल किंचाळलं, पडलं, की खेळाचा रंग बदलतो. रॉटवायलर हा जर्मनीतल्या रॉटवाइल गावचा, खाटकांचा कुत्रा. गुरं हाकायची, मांसाची गाडी ओढायची. अंगानं रेटून गुराला बाजूला करणं त्याच्या सवयीचं, त्यामुळे माणसालाही तो अंग लावून ढकलतो. लाडानं ढकलतो, पण पन्नास किलोचा लाड सहा वर्षांच्या पोराला झेपत नाही. लॅब्राडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर मच्छीमारांची जाळी आणि निसटलेले मासे पाण्यातून ओढून आणत. म्हणजे तो मूळचा कोळीवाड्यातला! धरमतरच्या खाडीत त्याला मोकळं सोडलं तर तो सुखानं मरेल. आपण त्याला टाइल्सवर बसवून बिस्किटं चारतो आणि त्याचं पोट जमिनीला टेकलं की ‘किती शांत आहे’ म्हणून कौतुक करतो.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात कारवान कुत्रा आहे, सीमेपलीकडे मुधोळच्या नावानं ओळखला जातो तो. उंच, सडपातळ, लांब तोंडाचा. हा नाकानं कमी आणि डोळ्यानं जास्त शिकार करतो. हललं की धावायचं. ससा असो, कोंबडी असो, शेजारच्या खालाची बकरी असो. परक्याचा हात अंगाला लागलेला त्याला खपत नाही, आणि त्यात रागापेक्षा संकोच जास्त असतो. दिवाळीनंतर घाटावरचे धनगर मेंढ्या घेऊन कोकणात उतरतात, शेतात मेंढ्या बसवतात. त्यांचे कुत्रे पाहा. दिवसा गाढ झोपलेले, हाका मारल्या तरी कान हलवणार नाहीत. रात्री कळपाजवळ पाऊल टाका, मग कळेल. त्या कुत्र्याला त्याचं काम माहीत आहे, धनगराला कुत्रा माहीत आहे, आणि दोघं चोवीस तास एकत्र आहेत. मला वाटतं मोठा कुत्रा पाळण्याची सगळी विद्या त्या पालाशेजारी पाहायला मिळते.

आता फार्महाऊसवरच्या कुत्र्याची गत बघा. पाच दिवस तो साखळीला. त्याला काम दिलं आहे गेटाकडे येणाऱ्या प्रत्येकावर भुंकण्याचं. दूधवाला, वायरमन, शाळेतून येणारी पोरं, सगळ्यांवर भुंकला की शाबासकी. शनिवारी मालक पंधरा पाहुणे घेऊन येतो, स्पीकर लागतो, आणि आता त्याच कुत्र्यानं पंधरा अनोळखी हात डोक्यावरून फिरवून घ्यायचे. माणसाला एवढी परस्परविरोधी ड्युटी दिली तर तो राजीनामा देईल. कुत्रा गुरगुरतो. गुरगुरणं ही त्याची सूचना असते: मला हे नको, लांब व्हा. त्यावर त्याला फटका बसतो, ‘पाहुण्यांवर गुरगुरतोस?’ असे दोन-चार फटके बसले की काही कुत्रे गुरगुरणं सोडून देतात. मग लोक सांगतात की यानं काही कारण नसताना, काही न बोलता चावा घेतला. बोलत होता तो. त्याला बोलायची बंदी केली होती.

त्यात आमचं हवामान. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. हवेतच पाणी भरलेलं असलं की धापांचा उपयोग कमी होतो. मे महिन्यातली आमची दुपार ज्यांनी सोसली आहे त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये बांधलेल्या सेंट बर्नार्डची कल्पना करावी. आल्प्सच्या बर्फाळ खिंडीतल्या मठात वाढलेली ही जात. त्याला चिडका म्हणणाऱ्यांनी आधी एक घोंगडी पांघरून तिथे बसून दाखवावं.

काहींचं म्हणणं असं की काही जातीच मुळात खुनशी, त्या बंद करा. जुलै २०२२ मध्ये लखनौत एका वृद्ध निवृत्त शिक्षिकेचा घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात मृत्यू झाला, तेव्हापासून हा आवाज वाढला. १२ मार्च २०२४ ला केंद्र सरकारनं २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री रोखायला राज्यांना सांगणारं परिपत्रक काढलं. यादीत पिटबुल होता, रॉटवायलर होता, आणि ‘मॅस्टिफ’ किंवा ‘टेरियर’ अशी अख्खी कुळंही होती. महिन्याभरात, एप्रिलमध्ये, कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. संबंधितांचं ऐकून न घेता ते काढलं होतं, हा मुख्य आक्षेप.

यादीवर माझा भरवसा नाही. २०२२ मध्येच ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास छापून आला. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्या कुत्र्याच्या वागण्यात जो फरक असतो त्यातला जेमतेम ९ टक्के भाग जातीवरून सांगता येतो, असं त्यात निघालं. मग वर मी नोकरीच्या एवढ्या गोष्टी कशाला सांगितल्या? कारण जातीवरून कल कळतो, कोणत्या गोष्टीनं तो चटकन उठेल याचा अंदाज येतो. समोरचा कुत्रा कसा वागेल याची हमी मात्र मिळत नाही. ना वाईट वागण्याची, ना चांगल्या. ‘आमचा लॅब आहे, काही करत नाही’ हे वाक्य मला ‘आमचा पिटबुल आहे, सांभाळून’ याच्यापेक्षा जास्त घाबरवतं. स्वभाव कुत्र्यागणिक बदलतो, पण जबड्याची ताकद आणि अंगाचं वजन जातीबरोबर येतंच. गल्लीतला बारा किलोचा कुत्रा आणि पंचेचाळीस किलोचा कुत्रा अगदी एकाच कारणानं, एकाच रागानं चावले, तरी एका मुलाला टाके पडतात आणि दुसऱ्याला ऑपरेशन थिएटरात न्यावं लागतं. म्हणून मोठ्या कुत्र्याच्या मालकाकडून जास्त मागायचं. त्यात कुत्र्यावर आरोप नाही.

पिल्लाचं वयही बघायला हवं. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जग ओळखायला शिकतं. मुलं, म्हातारी माणसं, बुरखा, काठी, स्कूटर, अजान, फटाके, यातलं काय निर्धोक हे तेव्हा मनात बसतं. आईपासून आणि भावंडांपासून ते शिकतं की चावा किती जोरात घ्यायचा. २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, तरी महिन्याभराची पिल्लं सर्रास विकली जातात. असं पिल्लू फार्महाऊसच्या चार भिंतीत वाढवलं की त्याला जगातला प्रत्येक जण परका.

आता थोडं आपल्या घरातलं. आपली मुलं कुत्रा दिसला की पळतात. अर्धी भीतीनं, अर्धी ‘वुजू तुटेल’ म्हणून. मदरशातून येणारा टोपीतला मुलगा ओरडत पळतो आणि पळणाऱ्याच्या मागे कुत्रा लागतो. वुजू कुत्र्याला शिवल्यानं तुटत नाही. लाळ किंवा ओल लागली तर ती जागा धुवायची, प्रश्न तेवढा आहे. कोकणातले आपण बहुतेक शाफई, आपल्याकडे तो नियम कडक आहे, सात वेळा धुणं आणि त्यात एकदा मातीनं. हनफींकडे लाळ नापाक पण अंग नाही, मालिकींकडे तर कुत्रा पाकच. मतभेद स्वच्छतेबद्दल आहेत. त्यातून दगड मारायची परवानगी कोणी काढली ते मला माहीत नाही, कारण तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजून माफी मिळाल्याची हदीस आपण लहानपणीच ऐकलेली असते, आणि गुहेतल्या साथीदारांच्या उंबऱ्यावर पाय पसरून बसलेला कुत्रा खुद्द सूरह कहफमध्ये आहे. कुत्रा ठेवण्याची जी मुभा हदीसमध्ये आहे ती शिकारीसाठी, कळपासाठी, शेतासाठी. म्हणजे तिथेही पहिला प्रश्न हाच: याचं काम काय? फार्महाऊसवाल्यांना विचारायचा प्रश्न मी तिथूनच उचलला आहे.

वर्गात मी मुलांना पळायचं नाही हे शिकवते. थांबायचं, हात अंगाशी, नजर जमिनीवर, झाडासारखं. पडलात तर गुडघे पोटाशी आणि हात मानेवर, कानांवर. शेपटी हलते म्हणजे कुत्रा खूश, हे अर्धसत्य. ताठ उभी शेपटी, गोठलेलं अंग आणि डोळ्याच्या कडेला दिसणारा पांढरा भाग असेल तर मागे सरायचं, पाठ न फिरवता. चावलाच तर चुना, हळद, तिखट काही लावायचं नाही. पंधरा मिनिटं साबण आणि वाहतं पाणी, आणि त्याच दिवशी दवाखाना. कुत्रा बंगल्यातला असला तरी.

मोठ्यांना मात्र शिकवायला वर्ग नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ सांगतं की ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची पुरेशी काळजी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यातला ‘ताब्यात’ हा शब्द परत वाचा. बुधवारी रात्री साखळी तुटली तर कुत्रा कोणाच्या ताब्यात असेल? शेठ तेव्हा अंधेरीत असतो. म्हणून वॉचमन ठेवताना कागदावर लिहून द्यावं की कुत्रा कोणाचा, जबाबदारी कोणाची. लसीकरणाचं कार्ड गेटाजवळच्या खोलीत असावं, बंगल्याच्या कुलूपबंद कपाटात नको. कुत्र्याला साखळीऐवजी कुंपण असावं, आणि ते वॉचमनच्या दारापासून लांब. मुंबईत कुत्र्याला महापालिकेचा परवाना लागतो, मग तोच कुत्रा गावात आणून ठेवला तर त्याची नोंद ग्रामपंचायतीत का नको, हा विषय येत्या ग्रामसभेत कोणीतरी मांडायला हवा. आणि ज्या बाईला रोज त्याला भाकर घालायची आहे, तिला कुत्रा आणण्याआधी एकदा विचारावं.