डोमेन घेतलं, होस्टिंगही घेतलं. मग साइट का उघडत नाही?

आंबागडचा किल्ला बघायला निघालेला माणूस आधी मोबाइलवर शोधतो. म्हणून गावात कुणी खोल्या भाड्याने देत असेल, तर साइट हवीच. पण डोमेन आणि होस्टिंग ही दोन वेगळी खाती. एक दारावरची पाटी, दुसरं घर. पाटीवर घराचा पत्ता आपल्यालाच घालावा लागतो.

होस्टिंग कंपनी साधारण दोन नेमसर्व्हर देते. डोमेन जिथून घेतलं तिथे लॉगिन करून ते टाका; होस्टिंगच्या खात्यातही तेच डोमेन जोडा. बदल सगळीकडे पोहोचायला कधी काही मिनिटं, कधी ४८ तासही लागतात. तोवर पुन्हापुन्हा छेडछाड नको. त्या डोमेनवर ईमेल आधीच चालू असेल, तर नेमसर्व्हर बदलू नका, मेल बंद पडू शकतात. फक्त ए रेकॉर्डमध्ये होस्टिंगचा आयपी पत्ता टाका.

एवढंसं काम. त्यासाठी डोमेनच साइट बनवणाऱ्याच्या नावावर घेणं आम्हाला मुळीच पटत नाही. उद्या त्याने फोन उचलला नाही, की नाव अडकलं. ‘.इन’ असो की २०१४ पासून मिळणारं देवनागरी ‘.भारत’, नोंदणी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवरच करा. मुदत संपत आल्याची सूचनाही त्याच ईमेलवर येते.