पोट फुगलंय? मानेची शीरही बघा

पुणेकरांनो, घरात किंवा शेजारीपाजारी कुणाचं पोट फुगत चाललं असेल, पायावर सूज असेल, एक जिना चढताना धाप लागत असेल, तर ‘लिव्हर बिघडलंय’ म्हणून मोकळे होऊ नका. माणूस दारूला शिवत नसेल तर मुळीच नाही. याच आठवड्यात डॉक्टरांना विचारा, हृदयाच्या आवरणाचा काही त्रास तर नाही ना?

हृदयाभोवती दोन पदरी पातळ पिशवी असते, तिला पेरिकार्डियम म्हणतात. जाडी एक-दोन मिलिमीटर, आत वंगणापुरतं पाणी. विषाणूमुळे ती सुजली तर छातीत जोराची कळ येते. आडवं झालं की वाढते, पुढे वाकून बसलं की हलकी होते. असे बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. (कळ हार्ट अटॅकची नाही, हे मात्र घरच्या घरी ठरवू नका.) हे आवाहन आहे ते न दुखता, महिनोन्‌महिने कुरतडणाऱ्या दाहाविषयी. आपल्या देशात त्याचं मोठं कारण आजही टीबी आहे.

टीबी म्हटलं की आपल्याला खोकला आठवतो. इथे खोकला असेलच असं नाही, छातीचा एक्स-रे आणि थुंकी दोन्ही स्वच्छ येऊ शकतात. संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, उतरलेलं वजन एवढ्यावर सुरुवात होते. आधी पिशवीत पाणी साठतं. पुढे पिशवीच जाड होते आणि भिजून वाळलेल्या चामडी चपलेनं पाय आवळावा तशी हृदयाला आवळते. हृदयाला पसरायला जागा नाही, म्हणून परतीचं रक्त मागे तुंबतं. लिव्हर सुजतं, पोटात पाणी होतं, पाय सुजतात. सोनोग्राफीत दिसतं ते लिव्हर आणि पाणी, मग उपचारही त्याचेच सुरू होतात.

टू-डी इको झाला तरी एक फसगत उरते. रिपोर्टवर ‘पंपिंग ६० टक्के’ वाचून सगळे सुस्कारा टाकतात. पण या आजारात हृदय आकुंचन पावतं नीट, ते भरत नाही. म्हणून इको करणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा: पाय आणि पोट सुजलंय, आवरण नीट बघा. गरज पडली तर ते सीटी किंवा एमआरआय सांगतील.

घरी एक गोष्ट बघता येते. रुग्णाला उजेडात ताठ बसवा. निरोगी माणसाची मानेची शीर अशा वेळी सहसा दिसत नाही. ती टरारून फुगलेली असेल, श्वास आत घेताना आणखी फुगत असेल, तर डॉक्टरांना आवर्जून दाखवा. शीर दिसली नाही म्हणून निर्धास्त मात्र राहू नका. आणि धाप एकाएकी वाढली, अंग गार पडलं, भोवळ आली, तर थेट १०८. साठलेलं पाणी हृदयाला दाबत असेल तर ते सुईनं तातडीनं काढावं लागतं.

टीबी ठरला तर औषधं साधारण सहा महिने. महापालिकेच्या दवाखान्यांत, ससूनमध्ये, औंधच्या उरो रुग्णालयात ती मोफत आहेत. निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून आहारासाठी महिना १००० रुपये खात्यात जमा होतात. गोळ्यांनी लघवी केशरी होते, ते रक्त नव्हे. त्या भीतीनं किंवा दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून औषध सोडू नका. स्टेरॉइड मनानं घेऊ नका. २०१४ मध्ये आफ्रिकेतल्या १४०० रुग्णांच्या अभ्यासात त्यांनी आवरण आवळण्याचं प्रमाण घटलं, पण मृत्यू घटले नाहीत आणि एचआयव्ही असलेल्यांत कर्करोग वाढले. तो निर्णय डॉक्टरांचाच.

औषध चालू असतानाही काहींचं आवरण आवळतं, तेव्हा सांगितलेल्या तारखेला इको चुकवू नका. आवळलेली पिशवी सोलून काढण्याची शस्त्रक्रिया आहे. ‘बघू दिवाळीनंतर’ म्हणत राहिलात तर हृदय आणि लिव्हर दोन्ही खचतात, ऑपरेशनचा धोका वाढतो. खर्चासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा.

सदाशिव, नारायण पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोल्यांच्या मालकांनो, एक विनंती. स्पर्धा परीक्षेच्या एखाद्या मुलाला हा आजार निघाला तर त्याला खोली सोडायला सांगू नका. फक्त आवरणाचा टीबी शेजारच्या कॉटवर पसरत नाही. फुप्फुसातही आहे का, ते डॉक्टर तपासतात. आणि मित्रांनो, मेसचा डबा अर्धा टाकणारा, तरी पँट पोटावर घट्ट होणारा कुणी खोलीत असेल, तर त्याला उद्याच ओपीडीत घेऊन जा. टीबीविषयी शंका असेल तर १८००-११-६६६६ हा क्रमांक मोफत आहे.