साधनाची खरी परीक्षा

सुताराची पटाशी असो, शेतकऱ्याचा नांगर असो की घरातील जाते असो, कोणत्याही साधनाची किंमत त्याच्या झळाळीवरून ठरत नाही. ज्याच्या हाती ते जाते, त्याचे काम ते किती सुकर करते यावरून ती ठरते. आज या जुन्या साधनांच्या पंक्तीला संगणक आणि मोबाइल येऊन बसले आहेत. त्यांच्या पडद्यावर दिसणारी संकेतस्थळे आणि ॲप आपोआप उगवत नाहीत. कोणीतरी कारागीर ती एकेक ओळ लिहून रचत असतो. या कारागिराला वेब डेव्हलपर म्हणतात. त्याची हत्यारे निराळी असली, तरी त्याचा धर्म सुताराच्या धर्माहून निराळा नाही.

एका बाबतीत मात्र त्याचे काम अधिक अवघड आहे. सुतार खुर्ची करतो, तेव्हा तिच्यावर बसणारा माणूस बहुधा त्याच्या ओळखीचा असतो. वेब डेव्हलपरला आपले काम वापरणारा माणूस क्वचितच दिसतो. तो स्वतः वेगवान संगणकापुढे बसतो, त्याच्यासमोर मोठा पडदा असतो, इंटरनेट अखंड चालू असते. मग सर्वांपाशी असेच साहित्य असणार, असे त्याला नकळत वाटू लागते. परंतु कोणाचा मोबाइल पाच-सहा वर्षांचा जुना असतो, कोणाची दृष्टी अधू असते, तर कोणाला पडद्यावरची भाषा परकी असते. सबळ हातात कसलेही साधन चालते. दुबळ्या हातात जे काम देते, तेच साधन चांगले.

बदलापूरपासून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ६८ किलोमीटर दूर आहे. बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर येथील असंख्य माणसे रोज लोकलने कामावर जातात. डब्यातील गर्दीत एक हात वरच्या कडीला आणि दुसऱ्या हातात मोबाइल, अशी त्यांची अवस्था असते. पुढची गाडी कोणत्या फलाटावर येणार, एवढेच एखाद्या प्रवाशाला पाहावयाचे असते. समजा, वाटेत इंटरनेटचा वेग मंदावून सेकंदाला १०० किलोबिट एवढाच उरला आणि प्रवाशाने उघडलेले पान ५ मेगाबाइट वजनाचे निघाले. एक मेगाबाइट म्हणजे सुमारे ८,००० किलोबिट. तेव्हा ते पान पूर्ण उतरण्यास ४०० सेकंद, म्हणजे ६ मिनिटे आणि ४० सेकंद लागतील. तेवढ्या वेळात बदलापूरहून सुटलेली लोकल अंबरनाथच्या वाटेवर बरीच पुढे गेलेली असते. तीच माहिती ५० किलोबाइटांच्या पानात मांडली असती, तर ती अवघ्या ४ सेकंदांत डोळ्यांपुढे आली असती.

हे वजन येते कोठून? हवे असलेले चार शब्द हलकेच असतात. मोठमोठी चित्रे, आपोआप चालू होणारी चलच्चित्रे, जाहिराती आणि नसते अलंकार यांचाच भार पानावर पडतो. याउलट, मुंबईच्या लोकल प्रवाशांना परिचित असलेले एम-इंडिकेटर हे ॲप पाहा. गाड्यांचे वेळापत्रक ते मोबाइलमध्येच साठवून ठेवते. त्यामुळे इंटरनेट नसतानाही ते पाहता येते. प्रवाशाची अडचण आधीच ओळखून केलेली ही योजना आहे. अशी दूरदृष्टी हाच कारागिरीचा खरा अलंकार होय.

काही ॲप मात्र जुन्या मोबाइलवर अडखळतात आणि वर दोष मोबाइललाच देतात. नाचता येईना अंगण वाकडे, अशातलाच हा प्रकार! यावर कोणी म्हणेल की, सर्व जुन्या यंत्रांची काळजी वाहणे परवडत नाही, आणि जुन्या यंत्रांत चोरांना शिरकावही लवकर मिळतो. या म्हणण्यात तथ्य आहे. पैशांचे व्यवहार करणाऱ्या ॲपने सुरक्षिततेसाठी नव्या व्यवस्थेचा आग्रह धरला, तर तो योग्यच ठरतो. परंतु नळाला पाणी केव्हा येणार, शाळेला सुट्टी कधी आहे, डॉक्टर कोणत्या वेळी भेटतील, एवढेच सांगण्यासाठी नव्याकोऱ्या यंत्राची गरज काय? खरी गरज कोणती आणि केवळ हौस कोणती, हा विवेक करता येणे हेच शहाणपण आहे.

जी गोष्ट यंत्राची, तीच अक्षरांची. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारो निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला. त्या वसाहतीचे १९४९ साली उल्हासनगर असे नामकरण झाले. घर, शेती, गाव सारे मागे टाकून आलेल्या या माणसांनी आपली भाषा मात्र बरोबर आणली. सिंधी भाषा अरबी वळणाच्या लिपीत लिहितात, तशीच देवनागरीतही लिहितात. तिच्यात श्वास आत ओढून उच्चारले जाणारे चार ध्वनी आहेत. देवनागरीत त्यांच्यासाठी ग, ज, ड आणि ब यांच्याखाली रेघ देऊन ॻ, ॼ, ॾ आणि ॿ अशी अक्षरे योजतात.

संगणकाला अक्षरे कळत नाहीत, अंक कळतात. म्हणून युनिकोड नावाच्या जागतिक व्यवस्थेत प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो. ‘क’ चा क्रमांक २३२५ आहे. या व्यवस्थेची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. सिंधीच्या या चार अक्षरांना स्वतंत्र क्रमांक मिळाले ते २००६ साली. तोवर ती अक्षरे जवळपासच्या खुणा जोडून कशीबशी लिहावी लागत. ज्यांनी घरदार गमावले, त्यांच्या अक्षरांनाही संगणकात घर मिळण्यास एवढी वाट पाहावी लागली.

मराठीलाही असा अनुभव आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट प्रदेश. दोन्ही शब्दांत ‘र’ आणि ‘य’ यांचेच जोडाक्षर आहे. भेद आहे तो ‘र’ लिहिण्याच्या रीतीत. हा भेद न ओळखणारा संगणक क्षणात सह्याद्रीच्या दऱ्यांचा समुद्र करून टाकील! हे जोडाक्षर आपल्या कामात नीट उमटते की नाही, हे तपासून पाहणारा वेब डेव्हलपर भाषेची मोठी सेवा करीत असतो, मग त्याचे नाव कोणाला कळो वा न कळो.

अक्षरे उमटली एवढ्यानेही भागत नाही. ती टिकलीही पाहिजेत. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. कित्येक शतकांनंतर विद्वानांनी तो वाचला आणि त्यातून शिलाहार राजवटीचा इतिहास उजेडात आला. उलट १९९० च्या दशकात मराठी लिहिण्याच्या निरनिराळ्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांची मांडणी निरनिराळी असे. एका संगणकावर लिहिलेले पत्र दुसऱ्यावर उघडले, की त्यात अर्थहीन चिन्हांची गर्दी दिसे. दगडावरचा लेख शतकानुशतके टिकला, आणि संगणकावरचा लेख काही वर्षांतच मुका झाला! म्हणून ज्या व्यवस्थेत आजचे लिखाण उद्याच्या यंत्रालाही वाचता येईल, तीच व्यवस्था स्वीकारणे हिताचे असते.

टिकाऊपणाचा हाच नियम यंत्रालाही लागू होतो. फुटलेली काच किंवा थकलेली बॅटरी बदलली, की अनेक मोबाइल पुन्हा कामाला लागतात. सुट्या भागांना गोंदाने असे चिकटवून टाकणे, की दुरुस्ती करणाऱ्यालाही ते उघडता येऊ नयेत, ही काही कारागिरी नव्हे. दुरुस्तीची माहिती ग्राहकांना मिळावी म्हणून भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये एक संकेतस्थळ सुरू केले. टाकून दिलेल्या यंत्रांची योग्य विल्हेवाट लागावी म्हणून केलेले ई-कचऱ्याविषयीचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. परंतु केवळ नियमांनी कचरा घटणार नाही. जुने यंत्र चालत असताना, निव्वळ नव्याच्या मोहाने ते फेकून देण्याची वृत्तीही घटली पाहिजे.

साधने साधी आणि विश्वासार्ह असावीत, हा आग्रह कोणाला क्षुल्लक वाटेल. पण संकटाच्या वेळी त्याचे मोल कळते. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुराने वेढली. गाडीत हजाराहून अधिक प्रवासी होते. बाहेर काळोख, खाली वाढते पाणी, आणि हातात होता तो मोबाइल. अशा प्रसंगी बॅटरीचा उरलासुरला प्रत्येक अंश मोलाचा असतो. त्या वेळी जड पाने, जाहिराती आणि दर मिनिटाला वाजणाऱ्या निरर्थक सूचना जर ती बॅटरी खाऊ लागल्या, तर तो नुसता गैरसोयीचा प्रश्न उरत नाही. २७ जुलै रोजी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, इतर पथके आणि आसपासचे गावकरी धावून आले, आणि सर्व प्रवाशांची सुखरूप सुटका झाली. मोबाइलने हाक पोहोचते. पण पाण्यातून माणसांना बाहेर काढले ते होड्यांनी आणि माणसांच्याच हातांनी, हेही विसरता कामा नये.

मुलांनो, तुमच्यापैकी कित्येकजण उद्या संकेतस्थळे आणि ॲप रचतील. बाकीचे सारे ती वापरतील. रचणाऱ्याने आपले काम एकदा तरी जुन्या मोबाइलवर, मंद इंटरनेटवर उघडून पाहावे, आणि आजीआजोबांच्या हाती देऊन त्यांना ते न विचारता वापरता येते का, हे स्वस्थपणे पाहत बसावे. वापरणाऱ्याने ‘हे नवे आहे का?’ असे विचारण्यापूर्वी ‘याने माझे कोणते काम होणार आहे?’ असे विचारावे. हे दोन प्रश्न ज्यांना पडतात, त्यांच्या हाती यंत्र सेवक म्हणून राहते. ज्यांना ते पडत नाहीत, त्यांच्यावर ते अंमल गाजवू लागते.